गच्चीवरची पवनचक्की आणि वाऱ्याच्या विजेविषयी इतर शंका

पवनऊर्जेविषयी वाचकांकडून येणाऱ्या पत्रांत शब्द बदलतात, पण गैरसमज तेच राहतात. त्यांपैकी वारंवार आलेल्या प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : वारा पडला की वीज बंद होते. मग अशा विजेवर विसंबायचे कसे?

एकट्या वाऱ्यावर कोणतेही वीजजाळे विसंबत नाही. वाऱ्याचा अंदाज एक-दोन दिवस आधी बऱ्यापैकी अचूक वर्तवता येतो आणि त्यानुसार जलविद्युत, वायूवरील केंद्रे, बॅटऱ्या आणि शेजारच्या जाळ्यांतून येणारी वीज यांची आखणी केली जाते. डेन्मार्क आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळवतो, परंतु नॉर्वे आणि स्वीडनमधील जलविद्युतेशी त्याचे जाळे जोडलेले आहे, हा त्यामागचा मोठा आधार आहे.

प्रश्न : क्षमतेचा ३० टक्केच वापर होतो, म्हणजे यंत्र ७० टक्के वेळ बंद असते ना?

नाही, चांगल्या जागेवरचे यंत्र वर्षातील बहुतेक तास फिरत असते, मात्र पुष्कळदा पूर्ण शक्तीने नव्हे.

प्रश्न : पवनचक्की तयार करायला लागणारी ऊर्जा ती आयुष्यभरात परत देत नाही, असे ऐकले. खरे काय?

हे ऐकीव विधान चुकीचे आहे आणि ते कितीदा खोडले तरी पुन्हा येते. पोलाद, काँक्रीट, वाहतूक, उभारणी आणि शेवटी मोडणी हे सारे हिशेबात धरले, तरी चांगल्या जागेवरचे मोठे यंत्र साधारण वर्षभरात ती ऊर्जा परत देते आणि पुढे वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालते. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०१४ च्या अहवालानुसार संपूर्ण आयुष्याचा विचार करता जमिनीवरील पवनऊर्जेचे मध्यम उत्सर्जन प्रतियुनिट सुमारे ११ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके, तर कोळशाचे सुमारे ८२० ग्रॅम आहे.

प्रश्न : विक्रेता गच्चीसाठी २ मीटर व्यासाची, १ किलोवॉटची पवनचक्की सुचवतो आहे. ‘रोज २४ युनिट’ असे तो सांगतो आणि सवलत महिनाअखेरपर्यंतच आहे. घ्यावी का?

सवलत हातची जाऊ द्या, पण मोजमाप झाल्याशिवाय पैसे देऊ नका. या एका प्रकारात जितके लोक फसलेले मी पाहिले आहेत, तितके या क्षेत्रात अन्य कशातही पाहिलेले नाहीत. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग दुप्पट झाला, तर शक्ती आठपट होते. वेग एक तृतीयांश झाला, तर शक्ती सत्ताविसावा हिस्सा उरते. ‘१ किलोवॉट’ हा आकडा बहुधा सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी दिलेला असतो. वस्तीतल्या गच्चीवर ४ मीटरचा वारा मिळत असेल, तर तेच यंत्र सुमारे ३७ वॉट देईल आणि हा वारा अखंड राहिला तरी दिवसाला एक युनिटही भरणार नाही. वारा कमी-जास्त होतो हे जमेस धरले, तरी दीड-दोन युनिटांपलीकडे जाणे कठीण आहे. पात्यांचा आकार विशेष आहे, म्हणून जास्त वीज मिळते, या दाव्यानेही भुलू नका. वाऱ्यातील शक्तीपैकी ५९.३ टक्क्यांहून अधिक कोणत्याही खुल्या पवनचक्कीला काढून घेता येत नाही आणि छोटी यंत्रे त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाहीत.

दुसरी अडचण जागेची आहे. मी पाहिलेल्या एका गच्चीवर यंत्र पाण्याच्या टाकीमागे बसवले होते. वारा टाकीवर आपटून भोवरे होत होते, त्यामुळे यंत्राची शेपटी सतत डावी-उजवीकडे वळत होती आणि पाती वेग घेण्याआधीच मंदावत होती. कठड्याला बांधलेली कापडी पट्टी आडवी उडण्याऐवजी वर उडत होती, एवढ्यावरूनच सारे कळत होते. पाती १५० मीटरच्या परिसरातील प्रत्येक अडथळ्यापेक्षा किमान १० मीटर उंच असावीत, असा साधारण नियम आहे. तो बहुतेक गच्च्यांवर पाळता येत नाही.

म्हणून नियोजित उंचीवर वेगमापक लावून शक्यतो वर्षभर नोंदी घ्या. विक्रेत्याकडून ‘क्षमता’ नव्हे, तर तुमच्या नोंदींवर आधारलेले वार्षिक उत्पादन लेखी मागा. कंपने स्लॅबमध्ये उतरतात, त्यामुळे संरचना अभियंत्याचा आणि जोडणीसाठी वीज वितरण कंपनीचा सल्ला आधी घ्या. त्याच खर्चात सौर पॅनेल किती वीज देतील, हेही स्वतंत्र सल्लागाराकडून तपासून घ्या.

प्रश्न : वादळात पवनचक्की सर्वांत जास्त वीज देते का?

नाही, ताशी सुमारे ९० किलोमीटर वेगाला बहुतेक मोठी यंत्रे सुरक्षिततेसाठी थांबवली जातात.

प्रश्न : पक्षी मरतात, मग ही ऊर्जा पर्यावरणपूरक कशी?

पक्षी मरतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्नियातील आल्टामाँट खिंडीत शिकारी पक्ष्यांच्या वावराच्या जागी यंत्रे उभारल्याची मोठी किंमत गरुडांनी मोजली. जागेची निवड हाच खरा उपाय आहे. नॉर्वेतील स्मोला बेटावर चार यंत्रांचे एकेक पाते काळे रंगवल्यावर पक्षिमृत्यू ७० टक्क्यांहून अधिक घटले; मात्र प्रयोग लहान होता, त्यावरून सर्वत्र रंग लावत सुटू नये. वटवाघळांसाठी, मंद वाऱ्याच्या रात्री यंत्रे थांबवून ठेवणे परिणामकारक ठरले आहे. आराखडा ठरण्यापूर्वीच पक्षितज्ज्ञांकडून पाहणी करून घ्या. पाया खणल्यावर नव्हे.

प्रश्न : जवळच पवनचक्क्या उभ्या राहिल्यापासून मला चक्कर येते. ऐकू न येणारा ध्वनी कारणीभूत असेल का?

आधी डॉक्टरांना दाखवा, आजच. नियंत्रित प्रयोगांत अशा ध्वनीचा शरीरावर परिणाम आढळलेला नाही आणि त्याला दोष देत बसल्यास चक्कर येण्याचे खरे कारण शोधायला उशीर होईल. पात्यांच्या ऐकू येणाऱ्या आवाजाने झोप मोडत असेल, तर ती तक्रार रास्त आहे; ध्वनितज्ज्ञाकडून रात्रीचे मोजमाप करून घ्या.

प्रश्न : जुन्या पात्यांचे काय होते?

यंत्राच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग, मुख्यतः पोलाद आणि तांबे, पुन्हा वापरता येतो. पाती मात्र काचतंतू आणि रेझिनची असल्याने त्यांतील घटक वेगळे करणे अवघड जाते. काही पुरली जातात, काही सिमेंटच्या भट्ट्यांत वापरली जातात. तुमच्या जमिनीवर यंत्र येणार असेल, तर मुदत संपल्यावर ते कोण, कोणत्या खर्चाने आणि किती महिन्यांत हलवणार, हे करारात लिहून घ्या आणि सही करण्यापूर्वी तो करार वकिलाला दाखवा.