मडगावच्या एका फलाटावर दोन रेल्वे

गेल्या अंकात कुळे-कॅसलरॉक घाटातल्या माझ्या गार्डाच्या नोकरीबद्दल चार ओळी छापून आल्या आणि संपादकांकडे पत्रे येऊ लागली. त्यांतली चार निवडली आहेत. उत्तरे अधिकृत नव्हेत. निवृत्त माणसाच्या ओसरीवरची आहेत.

प्रश्न : सावर्डे स्थानकाची तक्रार केली की हुबळीकडे बोट दाखवतात, मडगावची केली की बेलापूरकडे. एवढ्याशा गोव्यात रेल्वेचे मालक आहेत तरी किती?
— एक गृहिणी, सावर्डे

ताई, दोन. तुमचे सावर्डे, माझे कुळे आणि वास्को हा जुना मार्ग दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागात येतो. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाचा, त्यांचे मुख्यालय बेलापूरला, आणि मडगाव स्थानकही त्यांचेच. म्हणून तुम्ही सावर्ड्याला गाडीत बसता एकाच्या हद्दीत आणि उतरता दुसऱ्याच्या.

जुन्या मार्गाच्या पाट्या बदलत गेल्या, रूळ तेच राहिले. गोवा मुक्तीनंतर तो दक्षिण रेल्वेत गेला, १९६६ मध्ये दक्षिण मध्य झाली तिच्याकडे आला आणि २००३ पासून दक्षिण पश्चिमकडे आहे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमचे मोठे साहेब सिकंदराबादला बसत. बदलीच्या अर्जाला उत्तर यायचे तोवर अर्ज कशासाठी केला होता तेच आम्ही विसरून जायचो.

कोकण रेल्वे मात्र मुळातच वेगळी. १९९० मध्ये त्यासाठी महामंडळ काढले. त्यात सुरुवातीला केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचे प्रत्येकी ६. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस आणि अर्थमंत्री मधू दंडवते हे दोघेही कोकण किनाऱ्याचे पाणी प्यालेले, आणि कामाची सूत्रे ई. श्रीधरन यांच्याकडे. सरकारी अर्थसंकल्पातून हप्त्याहप्त्याने पैसे यायची वाट पाहिली असती तर मी निवृत्त होईपर्यंत पेडण्याला रूळ दिसले नसते. पैसा मोठ्या प्रमाणात रोख्यांतून उभा केला. रोहा ते मंगळूरजवळचे ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला.

त्या रोख्यांचा भार तुमच्या तिकिटावरही आहे. मडगाव-रत्नागिरी तिकिटावर छापलेले अंतर नकाशावर मोजून बघा, जुळणार नाही. कोकण रेल्वेवर भाडे आकारताना अंतर ४० टक्के वाढवून धरतात. प्रत्यक्ष शंभर किलोमीटर गेलात तर पैसे एकशेचाळीसचे. बोगदे आणि पूल फुकट झाले नाहीत हे मान्य, पण गाडी इतकी वर्षे धावते आहे. आता हा वाढीव हिशेब थांबवावा असे माझे मत आहे.

प्रश्न : आमचे आजोबा सांगायचे की मिठापायी गोव्यात आगगाडी आली. खरे का? आणि कॅसलरॉकला सामान उघडून दाखवावे लागे म्हणतात, तेही?
— एक वाचक, डिचोली

आजोबा बरेच खरे बोलत होते. १८७८ मध्ये पोर्तुगीज आणि ब्रिटिश सरकारांत करार झाला. मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारा लोहमार्ग त्यातूनच आला. त्याच करारात गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे गेला आणि बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. चार लाख पणजीच्या तिजोरीत गेले, मिठागरवाल्यांच्या पदरात काय पडले ते आगरांतल्या घरांनी बघितले. करार १८९२ मध्ये संपला, पण मोडलेली आगरे पुन्हा पहिल्यासारखी उभी राहिली नाहीत.

रेल्वेची कंपनी इंग्रजी भांडवलाची, नाव वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे. तिनेच मुरगाव बंदराचेही काम केले. १८८८ पर्यंत मीटरगेजचे रूळ मुरगावपासून वास्को, मडगाव, सावर्डे, कुळे करत घाट चढून कॅसलरॉकला ब्रिटिश हद्दीत भिडले. पुढे सदर्न मराठा रेल्वेने गाड्या चालवायला घेतल्या आणि १९०८ मध्ये ती मद्रास रेल्वेत मिसळली. तेव्हापासून म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडी ‘एम अँड एस एम’, म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा. माझ्या पहिल्या ब्रेकव्हॅनमधल्या, म्हणजे गाडीमागच्या गार्डाच्या डब्यातल्या, एका जुन्या लाकडी पेटीवर ही अक्षरे कोरलेली होती. ती पेटी घरी आणायला हवी होती असे अजून वाटते.

सामानाची गोष्टही खरी. कुळ्याला पोर्तुगीजांची जकात, कॅसलरॉकला पलीकडची. दोन सरकारांच्या मध्ये घाट आणि दूधसागर. माझ्या सासूबाई लहानपणी बेळगावच्या लग्नाला गेल्या तेव्हा जकातवाल्याने लाडवांच्या डब्याचे झाकण उघडून आत बोट घातले होते, असे त्या शेवटपर्यंत सांगत. १९५५ मध्ये सत्याग्रहानंतर भारताने नाकेबंदी केली आणि कुळ्यापुढे गाडी जाईनाशी झाली. मुक्तीनंतरच घाटात पुन्हा शिट्टी ऐकू आली. मीटरगेज नव्वदीच्या दशकात गेले आणि ब्रॉडगेज आले.

प्रश्न : पावसाळ्यात कोकण रेल्वेचे वेळापत्रक बदलते. एवढी वंदे भारत आली, वीज आली, तरी पावसापुढे हात टेकायचे?
— एक प्रवासी, म्हापसा

हात टेकत नाहीत हो, पाय जपून टाकतात. वर्षानुवर्षे १० जून ते ३१ ऑक्टोबर असे पावसाळी वेळापत्रक असायचे. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसे गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ पुन्हा अपघात. त्यानंतर वेग कमी केला, डोंगर कापून काढलेल्या कटिंगांना जाळ्या मारल्या, रात्रीची गस्त वाढवली. वीज २०२२ मध्ये सगळ्या मार्गावर आली आणि मडगाव-मुंबई वंदे भारत २०२३ च्या जूनमध्ये. डोंगराची माती मात्र तीच आहे. पेडण्याचा बोगदा बघा. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण आत मऊ माती, खोदताना वरून कोसळायची. गाड्या सुरू झाल्यावरही २०२० च्या ऑगस्टमध्ये आतली भिंत पडली आणि २०२४ च्या जुलैत पाणी घुसले.

आता म्हापशाच्या लोकांना सहसा ठाऊक नसलेली गोष्ट. कोकण रेल्वे बंद पडली की गाड्या मडगावहून लोंढा, मिरज, पुणे अशा वळवतात, म्हणजे आमच्या पोर्तुगीज काळातल्या घाटाने. २०२१ च्या जुलैत चिपळूणला वाशिष्ठीने हाहाकार केला तेव्हा मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी अशीच वळवली. दुसऱ्या दिवशी दूधसागर आणि सोनावलीच्या मध्ये दरड आली आणि ती गाडी तिथेच रुळांवरून घसरली. एका पुरातून सुटून दुसऱ्या दरडीत. कोणाला इजा झाली नाही, प्रवाशांना कुळ्याला परत आणले. मी तेव्हा निवृत्त होतो. ओसरीवर बसून पावसाचा आवाज ऐकत होतो, आणि गाडी घसरल्याचे कळल्यावर पहिला विचार आला तो ब्रेकव्हॅनमध्ये कोण असेल याचा.

त्या घाटाचा चढ ३७ला १ आहे. सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. कुळ्याला मागून बँकर इंजिने लागतात तेव्हा कुठे मालगाडी वर चढते. उतरताना तर आणखी कठीण. कॅसलरॉकला ब्रेक तपासल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि खाली येईपर्यंत ब्रेकच्या जळक्या वासाने पावाचा तुकडा घशाखाली उतरत नसे. हा घाट दुपदरी करायचे ठरले होते. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यातल्या कॅसलरॉक-कुळे टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. नोकरीच्या दिवसांत समोरच्या गाडीला वाट देत क्रॉसिंगला तासन्‌तास पडून राहिलो असल्याने दुपदरीकरण व्हावे असे मला वाटायचे. पण जुलैत घाट जवळून बघितलेला माणूस म्हणून सांगतो, तिथे आणखी एक कापणी काढायला डोंगराची परवानगी नाही.

प्रश्न : मला गार्ड व्हायचे आहे. पण सगळे यंत्रावर चालत असताना गार्डाला काही काम उरले आहे का?
— बी.कॉम.ची विद्यार्थिनी, साखळी

बाळ, आता गार्ड म्हणायचे नाही. २०२२ पासून ‘ट्रेन मॅनेजर’. माझ्या बायकोने हे वाचून विचारले, “घरचे मॅनेजर कधी होणार?”

काम उरले आहे. आमच्या वेळी शेवटच्या डब्यामागे ‘एल.व्ही.’, म्हणजे लास्ट व्हेइकल, लिहिलेली पाटी असे. गाडी पुढून गेली की स्टेशन मास्तर ती पाटी बघायचा. दिसली म्हणजे गाडी अख्खी आली, मागे घाटात डबे सुटून राहिले नाहीत. आता बऱ्याच ठिकाणी रुळालगतचे यंत्र चाके मोजते. पण ब्रेकचा दाब बघणे, गाडी मध्येच थांबली तर मागे चालत जाऊन रुळांवर फटाके लावणे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली ते वाजतात, हे अजून माणसालाच करावे लागते. रात्री, पावसात, एकटीला. घाबरवत नाही, सांगून ठेवतो.

जागा रेल्वे भरती मंडळाच्या एन.टी.पी.सी., म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या, परीक्षेतून निघतात, पदवी हवी. दृष्टीची आणि रंग ओळखण्याची तपासणी कडक असते. माझ्या बरोबरचा एक हुशार मुलगा लेखी परीक्षेत पहिला आला आणि हिरवा-तांबडा ओळखता आला नाही म्हणून घरी गेला. तेव्हा आधी डोळे तपासून घे, मग फॉर्म भर.