खाचरे बुजली की ओढा का चढतो?

प्रश्न (मुळशी व हवेली तालुक्यांतील ओढाकाठचे शेतकरी): डोंगरउतारावर प्लॉटिंग झाल्यापासून जोराचा पाऊस आला की तासाभरात ओढा पात्राबाहेर येतो आणि काठची माती खरवडून नेतो. हे धरणाच्या विसर्गामुळे होते काय? आम्ही काय करावे?

उत्तर: नदी फुगल्यावर संगमाजवळच्या शेतांत पाणी तुंबते, त्यात विसर्गाचा वाटा असू शकतो, परंतु संगमापासून वर, चढावर असलेल्या ओढ्याचा पूर हा त्याच्या स्वतःच्या पाणलोटातला असतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने केलेला कहर कात्रज परिसरातील स्थानिक पावसाचाच होता.

भाताच्या एक एकर खाचरात, बांध अर्ध्या फुटाचा धरला, तरी सुमारे सहा लाख लिटर पाणी थांबते. तेच खाचर मुरमाने भरून सपाट केले आणि वर रस्ता व फरशी आली, तर ५० मिलिमीटर पावसाचे एकरी सुमारे दोन लाख लिटर पाणी जवळजवळ सगळेच गटारातून थेट ओढ्यात उतरते. शिवाय भरावाचा मुरूम वाहत येऊन पात्र उथळ करतो आणि मोऱ्यांचे पाईप बुजवतो. अर्थात, आठवडाभराच्या संततधारेने जमीन तुडुंब भिजली असेल, तर शाबूत खाचरे व गवताळ उतारही फार पाणी धरत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पुराचा दोष प्लॉटिंगला देणे रास्त नाही.

आपल्या हद्दीत उतारास आडवी मशागत करावी, खाचरांचे बांध पावसाळ्यापूर्वी दुरुस्त करावेत आणि सांडव्याला (जादा पाणी बाहेर सोडण्याच्या वाटेला) दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचे अस्तर, करावे, कारण बांध बहुधा सांडव्यापाशीच फुटतो. काठालगत नांगर न घालता वाळा, बांबू किंवा करंज लावावा. जेसीबीने ओढा सरळ करून घेण्याचा मोह मात्र टाळावा: पाण्याचा वेग वाढतो आणि तुमचा पूर खालच्या शेजाऱ्याच्या वावरात जातो.

ओढ्यात भराव टाकला गेला असल्यास गाव नकाशाची प्रत व छायाचित्रे जोडून तहसीलदारांकडे लेखी अर्ज द्यावा; ग्रामपंचायतीचा ठराव सोबत असल्यास उत्तम. पीक किंवा माती वाहून गेल्यास शेत सारखे करण्याआधी तलाठी व कृषी सहायक यांच्याकडून पंचनामा करून घ्यावा.