नाताळ हा शब्द कुठून आला? आणि डिसेंबर बारावा महिना असून त्याच्या नावात दहा कसे?

'नाताळ' आपल्याकडं पोर्तुगीजांकडून आला. त्यांचा 'नाताल' म्हणजे जन्माचा सण, मूळ लॅटिन 'नातालिस'. वसई-गोव्याकडून निघालेला हा शब्द आज जालन्यातही घरचाच वाटतो.

डिसेंबरची गोष्ट तर मला फारच आवडते. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चपासून मोजत, म्हणून हा दहावा. जानेवारी-फेब्रुवारी नंतर जोडले, नाव तेच राहिलं. आता मोठ्यानं म्हणून बघा: सेप्टेम-सप्त, ऑक्टो-अष्ट, नोवेम-नव, डेकेम-दश. लॅटिन आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा, त्यामुळं आपली दशमी आणि त्यांचा डिसेंबर चुलत भावंडंच!

२५ डिसेंबर ही तारीख बायबलमध्ये नाही. रोममध्ये त्या दिवशी सण होत असल्याची सर्वात जुनी नोंद इ.स. ३३६ची धरतात.

आमच्या लातूरकडं याच दिवसांत, मार्गशीर्ष अमावस्येला, येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा रानातला सण, येते. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपटी, आत पाच पांडव म्हणून दगड मांडलेले, मडक्यात गार आंबील आणि पानात भज्जी, म्हणजे बऱ्याच भाज्यांची मिसळ. नाताळची तारीख ठरलेली, येळवस मात्र चंद्रावर चालते, म्हणून कधी डिसेंबरात तर कधी जानेवारीत.