आरसी (रिमोट कंट्रोल) कारच्या कामासाठी हेक्स ड्रायव्हर, म्हणजे षटकोनी टोकाचे स्क्रूड्रायव्हर, कुठले घ्यावेत, जे लवकर झिजणार नाहीत?

तुम्ही विचारलंय की सेटमधल्या २ मिमीच्या ड्रायव्हरची टीप गोल झाली, आता परत तसाच सेट घ्यायचा की एकदाच महागातला घेऊन टाकायचा. माझं मत विचाराल तर सेट घेऊच नका. २ मिमीचा एक खरोखर चांगला ड्रायव्हर घ्या, जमलं तर जोडीला १.५ चा, आणि २.५ व ३ चे सध्या जे आहेत तेच चालू द्या, ते इतक्यात मरत नाहीत.

२ चाच का जातो त्याला कारण आहे. आपल्या गाड्यांवर बहुतेक स्क्रू एम३ चे, म्हणजे ३ मिमी जाडीचे, असतात. त्यात उंच गोल डोक्याचा कॅप स्क्रू असेल तर त्याला २.५ लागतो, पण बटन हेड (बसक्या घुमटासारख्या डोक्याचे) आणि शॅसीच्या खालून बसणारे काउंटरसंक (डोकं पृष्ठभागाच्या आत बसणारे) यांना २ लागतो, आणि गाडीत याच दोन जाती सगळ्यात जास्त. त्यात यांचं भोक उथळ, एम३ बटन हेडचं तर जेमतेम १ मिमी खोल. म्हणजे सगळा जोर त्या एका मिलिमीटरच्या पकडीवर येतो. आता तुमच्या झिजलेल्या ड्रायव्हरचं टोक उजेडात धरून भिंगातून बघा, कडेला उतार दिलेला दिसेल. स्वस्त ड्रायव्हरला हा उतार जास्तच असतो, आणि १ मिमीतले पाव-अर्धा मिमी तिथेच गेले तर उरलं काय. म्हणून नवीन घेताना टोक सपाट कापलेलं आणि सहाही कोपरे धारदार आहेत का ते आधी बघा, हँडलचा रंग नंतर.

१.५ ची गोष्ट वेगळी, तो लागतो ग्रब स्क्रूला, म्हणजे पिनियन (मोटरचं छोटं गिअर) मोटरच्या शाफ्टवर धरून ठेवणारा तो बिनडोक्याचा छोटा स्क्रू (एम३ चा असेल तर १.५, एम४ ला २, एम५ ला २.५). त्याला थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू आपोआप सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा चिकट द्रव, लावलेलं असतं, जागा अडचणीची, आणि टीप एवढी बारीक की जरा तिरका जोर लागला तर पिळवटते किंवा तुटून आतच राहते. १.५ चा शाफ्ट शक्यतो आखूड घ्या, लांब बारीक शाफ्ट आधी स्वतःच पिळ खातो आणि मग हाताला कळतच नाही की स्क्रू हललाय की ड्रायव्हर.

स्टीलबद्दल. क्रोम व्हॅनेडियम म्हणजे सीआरव्ही लिहिलेले घरच्या कामाला ठीक, पण या बारीक मापात लवकर गोल होतात. एस२ टूल स्टील त्यापेक्षा बरंच कडक, आणि एचएसएस म्हणजे ज्याचे ड्रिल बिट बनतात ते स्टील झिजेला अजून चिवट पण ठिसूळ, म्हणजे झिजण्याऐवजी कधीतरी कोपरा तडकतो. मला एचएसएस आवडतं. पण नुसत्या छापील अक्षरांवर जाऊ नका, एस२ लिहून काहीही विकतात, आणि स्टील चांगलं असूनही पाणी नीट दिलेलं (तापवून कडक केलेलं) नसेल तर उपयोग शून्य. आणि तो सोनेरी टायटॅनियम नायट्राइडचा थर फक्त काही मायक्रॉनचा असतो, खालचं स्टील मऊ असेल तर तो वाचवत नाही.

ब्रँड विचारलेत म्हणून, आरसीवाल्यांमध्ये हुडी आणि एमआयपी ही दोन नावं सगळ्यात जास्त ऐकाल, दोघांकडेही नुसती टीप बदलायला मिळते, हँडल तेच राहतं, त्यामुळे पहिला खर्च जड वाटला तरी पुढे फक्त टीप घ्यायची. हेच महत्त्वाचं, कारण कितीही भारी असली तरी २ ची टीप रोज वापरली तर एक दिवस जाणारच. आरसीच्या बाहेरचे विहा, वेरा, बॉन्डस पण मस्त आहेत, फक्त त्यांची हँडल कधीकधी जाड असतात आणि शॉक टॉवरच्या (शॉक अब्सॉर्बर ज्याला जोडतात त्या उभ्या पट्टीच्या) मागे वगैरे अडतात.

बॉल एंड म्हणजे टोकाला गोळी असलेला, तिरका घालता येतो तो, सेटमध्ये दिसला की मोह होतो. असू दे जवळ, पण फक्त सैल झालेला स्क्रू फिरवून काढायला. घट्ट स्क्रू पहिल्यांदा सोडवणं आणि शेवटचं आवळणं दोन्ही सरळ टोकानेच, कारण गोळीचा स्क्रूला स्पर्श फार कमी होतो आणि तिची मान बारीक असते.

आता एक शंका, तुमची गाडी कुठली ते लिहिलं नाहीत. जुन्या टीम असोसिएटेड किंवा लोसी कंपनीच्या गाड्या असतील तर त्यात इंचाचे स्क्रू असू शकतात, आणि इथे बरेच जण ड्रायव्हरला शिव्या देतात जेव्हा दोष मापाचा असतो. ५/६४ इंच म्हणजे १.९८ मिमी, म्हणजे २ च्या जागी जवळजवळ बसतो. पण ३/३२ म्हणजे २.३८, तो २.५ च्या भोकात घातला तर बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की घसरतो. तसंच १/१६ म्हणजे १.५९, त्या स्क्रूत १.५ चा ड्रायव्हर खुळखुळतो. मिलिमीटरचे आणि इंचाचे वेगळ्या डब्यात ठेवा. व्हर्नियर असेल तर २ ची टीप समोरासमोरच्या सपाट बाजूंवर मोजा, १.९५ च्या खाली आली असेल तर मी ती वापरत नाही. (टामिया या जपानी कंपनीचं किट असेल तर हा सगळा प्रश्नच वेगळा, तिथे बहुतेक अधिकचिन्हाचे स्क्रू असतात आणि ते जेआयएस म्हणजे जपानी मानकाच्या मापाचे, साधा फिलिप्स त्यात वर उचलला जातो, जेआयएसचाच ड्रायव्हर घ्या.)

आणि सगळ्यात भारी टीपसुद्धा एका संध्याकाळी मारायची असेल तर सोपा उपाय आहे, मातीने भरलेल्या स्क्रूत ती तशीच खुपसा. शॅसीखालच्या स्क्रूच्या भोकात चिखल वाळून दगड झालेला असतो, ड्रायव्हर अर्धाच आत जातो. आधी सुईने किंवा टोकदार पिकने माती उकरायची, फुंकायची, मग ड्रायव्हर घालून मागून टिचकीसारखा एक ठोका, तळाला टेकला की हाताला समजतं. तळहात हँडलच्या मागे दाबून ठेवायचा आणि मगच फिरवायचं. ग्रब स्क्रू हलत नसेल तर जोर वाढवू नका, सोल्डरिंग आयर्न त्यावर थोडा वेळ टेकवा, निळं थ्रेडलॉक उष्णतेने मऊ होतं आणि स्क्रू निमूट सुटतो. लाल थ्रेडलॉक या बारीक स्क्रूंना लावूच नये.

तुमची गोल झालेली टीप फेकू नका अजून. टोकाचा १-२ मिमी ग्राइंडरवर सरळ घासून टाकला की मागचे न झिजलेले कोपरे पुढे येतात. फक्त हळू, सेकंदभर टेकवायचं आणि पाण्यात बुडवायचं. टोक निळं पडलं तर पाणी उतरलं समजा, मग ती टीप लोण्यासारखी झिजेल. एचएसएस ही उष्णता बरीच सहन करतं, एस२ आणि सीआरव्ही नाही.

ज्या स्क्रूचं भोक त्या टीपने आधीच गोल केलंय तो नवीन ड्रायव्हरने काढायचा प्रयत्न करू नका, नवी टीप पण खराब होईल. त्यात टी१० चा टॉर्क्स (चांदणीच्या आकाराच्या टोकाचा) बिट हलक्या हातोडीने ठोकून बसवा आणि फिरवा, बहुतेक वेळा निघतो. नाही निघाला तर रोटरी टूलने डोक्यावर आडवी खाच पाडा आणि सपाट स्क्रूड्रायव्हर लावा. निघाला की फेकून द्या, त्या जागी १२.९ ग्रेडचा, म्हणजे जास्त मजबूत, स्टीलचा स्क्रू टाका. स्टेनलेसचे चकचकीत दिसतात, गंजत नाहीत, पण मऊ असतात, आणि बटन हेडमध्ये मऊ स्क्रू म्हणजे पुढच्या वेळी परत हेच.