घातक रसायनांची सुरक्षापत्रकं स्कॅन करून सरकारी पोर्टलवर टाकली की काम झालं का?
नाही, त्याने कागदांचा गठ्ठा फक्त कपाटातून संगणकात जातो. गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत सेफ्टीचं काम करताना रोज बघतो: एका यादीत 'अमोनिया', दुसरीत 'लिक्विड अमोनिया', तिसरीत नुसतं 'एनएच3'. शोधणार कसं? नोंद नावाने नको, सीएएस क्रमांकाने (प्रत्येक रसायनाला दिलेल्या एकमेव ओळख क्रमांकाने) हवी, अमोनियाचा 7664-41-7. सोबत यूएन क्रमांकही (धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठीचा चार आकडी क्रमांक) जोडायला हवा, कारण वास्कोच्या रस्त्यावर टँकर कलंडला तर अग्निशामक जवानाला आधी दिसतो तो पाटीवरचा 1005, आपलं 16 कलमी पत्रक नव्हे. (पत्रक घातक रसायनांबाबतच्या 1989 च्या नियमांपासून सक्तीचं आहेच.) मिश्रणांचं मात्र असं जमत नाही. थिनर, रंग यांना एकच सीएएस क्रमांक नसतो. तिथे पुरवठादाराचं पत्रक, तेही तारखेसकट, ठेवावंच लागतं.