समुद्री प्रवाह मंदावल्याची बातमी आणि सोयाबीनची पेरणी

प्रश्न : अटलांटिक महासागरातील प्रवाह मंदावल्यामुळे यंदा पाऊस लवकर संपणार आहे, म्हणून मृगाच्या पहिल्याच पावसावर सोयाबीन पेरा आणि खताची मात्रा वाढवा, असे दुकानदार सांगत आहेत. काय करावे? (मराठवाड्यातील शेतकरी)

उत्तर : पहिल्या पावसावर पेरू नका. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन जमिनीत पुरेशी ओल गेल्यावर आणि वापसा आल्यावरच (म्हणजे जादा पाणी निथळून जमीन पेरणीजोगी झाल्यावरच) पेरणी करावी. पहिल्या सरीवर घाईने पेरलेली आणि पुढे दुबार पेरणीची वेळ आलेली शेते मी अनेक हंगामांत पाहिली आहेत, आणि दुसऱ्या खेपेचे बियाणे त्या शेतकऱ्यांना पुन्हा पैसे मोजूनच घ्यावे लागले.

अटलांटिकची बातमी खोटी नाही. उत्तरेकडे जाणारे उबदार, खारे पाणी ग्रीनलंडच्या आसपास गार व जड होऊन खोल जाते आणि तळातून दक्षिणेकडे परतते. वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी त्यात मिसळले की हे चक्र मंदावते. 2004 पासून या प्रवाहाची सलग मोजणी होत आहे. तो फार क्षीण झाला तर पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकून आपला मोसमी पाऊस घटू शकतो, असे हवामानाची प्रारूपे दाखवतात. परंतु हा बदल अनेक दशकांचा असून त्यावरून यंदाच्या पेरणीची तारीख कोणालाही सांगता येणार नाही, दुकानदाराला तर नाहीच.

हंगामावर थेट परिणाम करतात ते एल निनो (पॅसिफिक महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापणे) आणि हिंदी महासागराचे तापमान, आणि तेथेही नुसत्या नावावरून निर्णय घेऊ नये. 1997 मध्ये तीव्र एल निनो असूनही देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला. 2009 च्या एल निनोत मात्र तो 78 टक्क्यांवर आला. ऑगस्ट 2023 मध्ये देशातील पाऊस सरासरीपेक्षा 36 टक्के कमी होता आणि 1901 पासूनचा तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. खरा धोका पावसातील असा मधला खंड आहे, आणि त्यावर माझा सर्वाधिक भर बीबीएफ यंत्राने रुंद वरंबा-सरीवर पेरणी करण्यावर आहे. खंडात वरंब्यातील ओल टिकते, अतिवृष्टीत सरीतून पाणी निघून जाते आणि एकरी 30 किलोऐवजी सुमारे 22 किलो बियाणे पुरते. घरचे बियाणे असल्यास शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासा. सत्तरपेक्षा कमी दाणे उगवल्यास बियाण्याचे प्रमाण वाढवा.

खत माती परीक्षणानुसारच द्या. उभ्या सोयाबीनला युरिया देऊ नका. झाड नुसते माजते, शेंगा कमी लागतात आणि पीक लोळते. खंड पडला की दुकानात टॉनिकच्या बाटल्या पुढे केल्या जातात. त्या घेऊ नका. दोन-तीन औषधे एकत्र करून मात्रा दुप्पट करण्याचा सल्ला तर मुळीच ऐकू नका, कारण ताणावर असलेल्या पिकाची पाने त्याने करपतात. फुलोरा ते शेंगा भरण्याच्या काळात ताण बसल्यास 10 लिटर पाण्यात 100 ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट मिसळून सकाळी किंवा सायंकाळी फवारावे, भर उन्हात नव्हे. दुकानदाराने सांगितलेली मात्रा आणि वेष्टनावरील मात्रा यांत फरक असेल, तर वेष्टनावरचीच धरावी.

पीक विम्यात सोयाबीनसाठी शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या कमाल 2 टक्के असतो. मुदतीत अर्ज करून ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) करावी. बीबीएफ यंत्राच्या अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावर अर्ज करावा. बियाण्याचे पक्के बिल, पिशवी आणि थोडे बियाणे काढणीपर्यंत जपून ठेवावे, कारण उगवण न झाल्याची तक्रार त्याशिवाय उभी राहत नाही.