वस्तरा कुठून घ्यायचा ते नंतर बघू, आधी कार्डाचं बोला

तुमचा प्रश्न साधाय. झोलिंगनचा (जर्मनीतलं पात्यांसाठी नावाजलेलं शहर) खुला वस्तरा आणि बॅजर ब्रश (बॅजर या प्राण्याच्या केसांचा दाढीचा ब्रश) परदेशी साइटवर दुकानापेक्षा २० टक्के स्वस्त दिसतोय, पण दुकानदार ओळखीचा, त्याचाही धंदा चालला पाहिजे असं वाटतं, तर घेऊ कुठून. घरात आधीच ७ रेझर आहेत, त्यातले दोन जुने गिलेट, आणि तुमच्या मते 'ही पण एक इन्व्हेस्टमेंटच'. मग खाली ता.क. मध्ये हळूच एक ओळ: क्रेडिट कार्डावर थोडं थकलंय, मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरतो, पॉलिसीचे पैसे आले की एकदम फेडणार.

अहो, पत्र तिथून सुरू करायचं होतंत.

वस्तऱ्याचं पटकन उरकतो. सगळी खरेदी दुकानात १०० ला धरा, साइटवर ८०. कुरिअर १२, झाले ९२. बऱ्याच देशांत कस्टम्स ८० वर नाही, कुरिअर आणि विमा धरून पूर्ण ९२ वर लागतं. ड्युटी-टॅक्स मिळून २० टक्के धरले तर १८, वर कार्डाचा परकीय चलनाचा मार्कअप २-३. गेलं ११३ वर. पार्सल न अडता आलं तर ९५, पण त्या भरवशावर हिशोब कोण करतं? (पैसे भरताना 'तुमच्याच चलनात भरा' असा पर्याय आला तर घेऊ नका, त्यात अजून कापतात.) झोलिंगन हे नाव जर्मनीत १९३८ पासून कायद्याने राखीव आहे खरं, पण कुठल्याही साइटवर पात्यावर ते कोरलेलं दिसलं म्हणजे माल तिथलाच असं नाही. शिवाय खुला वस्तरा डब्यातून काढला आणि गालाला लावला असं सहसा होत नाही, धार दगडावर नीट करून घ्यावी लागते, रोज चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. दुकानदार धार लावून देत असेल तर विषय तिथेच संपला. मी स्वतः एकदा बाहेरून ब्रश मागवला होता, दुसऱ्या आठवड्यापासून रोज फेसात पाच-सहा केस, विकणारा म्हणाला परत पाठवा, आणि परत पाठवायचं कुरिअर ब्रशच्या निम्म्या किमतीचं. अजून पडलाय कपाटात.

आता कार्ड. तुम्ही दर दिलाय महिना ३ टक्के, म्हणजे चक्रवाढीने वर्षाला जवळपास ४३. मिनिमम ५ टक्के. म्हणजे भरलेल्या दर ५ मधले ३ व्याजात, मुद्दल हलतं फक्त २ ने. या गतीने कर्ज निम्मं व्हायला ३५ महिने लागतात. १०० चा वस्तरा या कार्डावर घेतलात तर तीन वर्षांत तुम्ही साधारण १२५ भरलेले असणार, त्यातले ७५ व्याज, आणि ५० देणं अजून बाकी! हे ७५ ना परदेशी साइटला गेले, ना तुमच्या दुकानदाराला, गेले बँकेला. आणि एक गोष्ट तुम्हाला बहुतेक कोणी सांगितली नसेल, मागची बाकी ठेवली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस सहसा मिळतच नाहीत, स्वाइप केल्या दिवसापासून मीटर चालू.

थकबाकी किती? महिन्याचा पगार १०० धरला (इथून पुढचे आकडे याच मापात) तर ८०. याला 'थोडं' म्हणत नाहीत.

ती फेडणार कशातून, तर पॉलिसीतून. वर्षाला ६० हप्ता, १० वर्षं, आणि सुरुवातीपासून २० वर्षांनी १२००. विकणाऱ्याने सांगितलं पैसे डबल, तुम्ही खूश. अहो पण डबल किती वर्षांत? हप्ते दहा वर्षांत विखुरलेत, सरासरी एकेक रुपया साडेपंधरा वर्षं अडकतो, ७२ ला साडेपंधराने भागा (७२ ला दुप्पट व्हायच्या वर्षांनी भागलं की वर्षाचा दर अंदाजे कळतो), साडेचार टक्क्यांच्या जरा वर. त्रेचाळीसचं कर्ज साडेचारच्या कमाईतून फेडायचं, तेही अजून १८ वर्षांनी. आणि विमा? हप्त्याच्या दहापट, म्हणजे ६००, तुमचा सहा महिन्यांचा पगार. घरात बायको आणि शाळेतली मुलगी. याला विमा म्हणून कोणी विकला असेल तर त्याला चहा पाजू नका.

दोन हप्ते गेलेत, तिसरा पुढच्या महिन्यात, आणि 'आता सोडलं तर १२० बुडतील' ही भीती मला कळते. बुडतील थोडेफार, खोटं सांगत नाही. पण ते १२० पूर्ण गेले असं धरून फक्त पुढचे ८ हप्ते मोजले तरी परतावा जेमतेम साडेसहा टक्केच येतो, कार्डासमोर काहीच नाही. म्हणून तारखेआधी कंपनीकडून लेखी घ्या: आज सोडली तर काय हातात, हप्ता थांबवला तर काय, नंतर व्याज भरून चालू करता येते का. फोनवरचं चालणार नाही. तिसऱ्या हप्त्याचे ६० कार्डात टाका, ८० चे २० उरले, ते चार महिन्यांत महिना पाच-सहाने संपवा. त्या ६० वर वाचलेलं व्याजच वर्षाला २५ च्या घरात. सोबतच शुद्ध टर्म विमा (मुदतीत माणूस गेला तरच घरच्यांना पैसे देणारा, बचत नसलेला) काढा, उशीर नको.

जुन्या गिलेटबद्दल: पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सैन्यासाठीच सुमारे ३५ लाख रेझर गेले, जुना म्हणजे दुर्मिळ नव्हे. विकायला जा, मुलामा उडालाय म्हणून भाव पाडतील, परत मुलामा दिलात तर मूळचा नाही म्हणून पाडतील. छंद म्हणून ठेवा, इन्व्हेस्टमेंटच्या यादीतून काढा.

कार्ड शून्य झालं की ओळखीच्या दुकानात जाऊन वस्तरा हातात धरून बघा आणि रोख घ्या. घाई काही नाही, कपाटात २०० ब्लेड आहेत म्हणता, एका ब्लेडच्या पाच दाढ्या धरल्या तरी हजार दाढ्या. हप्त्याची नक्की तारीख तेवढी कळवा.